तुम्ही विचारलंत म्हणून : मी नक्की कुठल्या विषयाची?

लग्नात, स्टाफरूममध्ये, परवा तर बँकेच्या रांगेतही विचारून झालं : ‘मॅडम, तुम्ही बॉटनीच्या की पुरातत्त्वाच्या?’ त्यालाच जोडून दुसरा प्रश्न : ‘आणि अजून तासिका तत्त्वावरच?’ दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते.

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात, नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) जीवशास्त्रात, पीएच.डी. पुरातत्त्वात. काम म्हणाल तर उत्खननातली माती पाण्यात सोडून ढवळायची, वर तरंगणारे जळके दाणे बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. सहा ओळींच्या जवाच्या कणसात मधला दाणा सरळ असतो, बाजूचे दोन किंचित पिळलेले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी चुलीत पडून कोळसा झाला, तरी तो पीळ तसाच दिसतो. ज्याला कणीस ठाऊक नाही त्याला तो दिसणार नाही, आणि ज्याला उत्खननातले थर ठाऊक नाहीत त्याला त्या दाण्याचा अर्थ लागणार नाही. इतकं साधं आहे हे. निदान मला तसं वाटायचं.

मग ती मुलाखत. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, विचारूही नका. वनस्पतिशास्त्राची कायम जागा होती. मी जवाच्या दाण्यांचे फोटो पुढे ठेवले. विषयतज्ज्ञांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिले, अगदी कौतुकाने. मग म्हणाले, ‘सुंदर. पण हे वनस्पतिशास्त्र आहे का?’

‘वनस्पतीच आहे, सर.’

‘मेलेली आहे.’ सगळे हसले, मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

मग फाइल उघडली. एकेका शोधनिबंधावर बोट ठेवून ‘हे नियतकालिक पुरातत्त्वाचं, हेही पुरातत्त्वाचं’ असं करत ते शेवटपर्यंत गेले. प्रत्येक वेळी शेजारचे गृहस्थ पेन्सिलीने छोटीशी फुली मारत होते. मला ती उलटी दिसत होती. शेवटी प्रश्न आला : ‘पहिल्या वर्षाला शैवाल घ्याल?’ घेईन म्हटलं. ‘शेवटचं कधी घेतलं होतंत?’ मी गप्प.

त्यांच्यावर मी बरेच दिवस चिडून होते. पण सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं, आणि शैवालाचं प्रात्यक्षिक कुणीतरी घ्यावंच लागतं. माझ्या जळक्या दाण्यांनी तो तास भरत नाही. हे मला पटतं. त्या फुल्या मात्र अजून पटलेल्या नाहीत. पुढे पुरातत्त्वाच्या मुलाखतीत उलटं झालं : ‘नेट आमच्या विषयात नाही.’ तिथे तर फोटो पिशवीतून बाहेरही आले नाहीत.

अशा वेळी कुणीतरी दामोदर धर्मानंद कोसंबींचा दाखला देतंच. ‘गणिती माणूस, नाणी तोलून इतिहास लिहिला!’ खरं आहे. पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना घेतलं होतं ते गणितासाठी, आणि १९६२ला तिथला करार पुढे वाढवला नाही. प्रेरणा म्हणून ठीक आहे, नोकरीचा नमुना म्हणून नको.

मला जास्त छळतं ते इनामगाव. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदलेली. जव हे तिथलं मुख्य पीक होतं हे कळलं, पुराचं पाणी वळवणारा पाट सापडला. विद्यार्थी असताना मी ठासून सांगायचे : बघा, विषयांच्या भिंती पाडल्या म्हणून हे जमलं! आज तिला, म्हणजे तेव्हाच्या मला, विचारावंसं वाटतं : बाई गं, भिंती कुठे पाडल्या? भूशास्त्राचे राजगुरू भूशास्त्राचेच राहिले, धान्य बघणारा धान्य बघत होता, हाडं बघणारा हाडं. एका संस्थेने त्या सगळ्यांना एका जागेवर कामाला लावलं. मग दोन्ही शिकलेली एकच व्यक्ती हवीच कशाला? ती लगेच उलटून विचारते : धान्यवाला आणि थरवाला एकमेकांशी बोललेच नाहीत तर? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिच्याकडेही पूर्ण नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘बहुविद्याशाखीय’ विषयावर व्याख्यानाला मला हमखास बोलावतात. शाल, श्रीफळ, वर फोटो. जाहिरातीत मात्र ‘संबंधित विषयात’ हे शब्द जागच्या जागी. आणि खरं सांगू? माझ्याकडे पीएच.डी.चं विचारायला येणाऱ्या मुलींना मीच आधी सांगते, एकाच विषयाची नेट काढ, एकाच विभागात नाव लाव, मग बाकीचं बघू. त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरतो तेव्हा मला वाईट वाटतं, पण सल्ला मी बदलत नाही.

जाहिरात निघाली की पुन्हा दोन्हीकडे अर्ज करणार आहे. या वेळी शैवाल वाचून जाईन. त्या विषयतज्ज्ञांचं तेवढं ऐकलं. निबंधांची यादी मात्र आहे तशीच, एकही न गाळता.