मामाचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा संग्रह विकताना

जुन्या रोलप्लेइंग गेमच्या, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाच्या, पुस्तकाची किंमत ऑनलाइन शोधायला बसलात, की आधी दिसतात ते विकणाऱ्याच्या मनातले आकडे. ते सोडून द्या. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ निवडलं की गेल्या साधारण तीन महिन्यांत खरोखर काय विकलं गेलं ते दिसतं. मामाचा संग्रह विकायला घेतला तेव्हा मी सुरुवात तिथूनच केली. त्यातही एक मेख आहे. ‘बेस्ट ऑफर’ने झालेल्या विक्रीत मागितलेली किंमत नुसती खोडलेली दिसते, सौदा कितीला ठरला ते कळत नाही. असे आकडे मी हिशेबात धरलेच नाहीत.

मामा १९७९ साली शिकायला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला आला आणि रूममेटच्या नादानं डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला लागला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये बाहेर पडला तो त्याच विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून. पहिल्या छपाईचे संच जेमतेम हजार, खोकी हातानं भरलेली. त्यातला एखादा पूर्ण संच आज निघाला तर त्याचे हजारो डॉलर येतात. मामाकडे तो नव्हता. त्याच्याकडची बहुतेक पुस्तकं त्यानंतरच्या काही वर्षांतली. आता मोठं घर सोडून तो लहान फ्लॅटमध्ये जातोय. मला म्हणाला, “अरे, पैशांचं तू बघ, पण ज्याला यातलं कळतं त्याच्याच हाती जाऊ दे.”

सगळ्यात जास्त वेळ गेला तो १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’वर. निरनिराळ्या पुराणांतल्या देवांना या पुस्तकात खेळाचे आकडे दिलेले आहेत. सुरुवातीच्या प्रतींत क्थुलू आणि मेल्निबोने अशी दोन काल्पनिक विश्वंही होती आणि पानं १४४. त्या दोन्हींचे खेळासाठीचे हक्क केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे होते. तोडगा म्हणून पुढच्या छपाईत तिचे आभार छापले गेले. नंतर प्रकाशक टीएसआरनं ती प्रकरणंच काढून टाकली आणि पानं १२८ झाली. त्यामुळे आधी पानं मोजायची, मग आभाराची ओळ आहे की नाही ते बघायचं. लिस्टिंगमध्ये ‘बंदी आलेलं, अतिदुर्मीळ’ असं लिहून चारशे-चारशे डॉलर मागणारे भेटतात. बंदी कोणीही घातली नव्हती, आणि १४४ पानी प्रती बाजारात सतत येत असतात. मामाच्या प्रतीसारख्या अवस्थेतल्या प्रती मला शंभर डॉलरच्या आगेमागे गेलेल्या दिसल्या.

याच पुस्तकात भारतीय दैवतांचंही प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, वरुण, यम, सगळ्यांना हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल त्याचा आकडा! तिथल्या समासात मामानं पेन्सिलीनं देवनागरीत टिपणं केलेली. खोडरबरानं ती सहज गेली असती, पण कागद खरवडला की जाणकाराच्या लगेच लक्षात येतं, आणि तसंही ती पुसायला माझा हात धजावला नसता. प्रत्येक टिपणाचा फोटो टाकला आणि वर्णनात स्पष्ट लिहिलं. कोऱ्या प्रतीपेक्षा थोडे कमी आले. घेणाऱ्यानं पैसे भरल्यावर विचारलं, काय लिहिलंय ते सांगाल का? मी एकेक टिपण इंग्रजीत उतरवून पाठवलं.

बेसिक सेटच्या, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या निळ्या पुस्तिकेच्या खोक्याची गोष्ट वेगळी. तिथे भाव ठरतो आत काय काय शिल्लक आहे त्यावर. सुरुवातीच्या खोक्यांत नकाशांचे तक्ते होते, नंतर त्यांच्या जागी एक साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक, आलं, मग ते बदलून दुसरं. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले जात. मामाच्या खोक्यात ते तुकडे होते, एकही न कापलेला! वर्षानुवर्षं तो मित्राच्या फाशांनी खेळला म्हणून वाचले. नुसत्या पुस्तिकेला जे मिळतं त्याच्या कितीतरी पट त्या खोक्याला मिळालं.

साहसांच्या सुट्या पातळ पुस्तिकांचं, म्हणजे मॉड्यूलचंही तसंच. त्यांचं कव्हर सुटं असतं आणि नकाशा त्याच्या आतल्या बाजूला छापलेला. कव्हर हरवलं तर खेळणाऱ्याला मॉड्यूल निरुपयोगी. ‘टूम ऑफ हॉरर्स’सारख्यात चित्रांची पुस्तिका जोडीला असते, तीही हवी. खरेदीदार नेमकं हेच विचारतात, म्हणून मी सगळे भाग जमिनीवर मांडून एका फोटोत घेत असे. कणा, कोपरे, सुटलेली पानं आणि वास यांबद्दल विचारायच्या आधीच लिहीत असे. तळघरातला दमट वास फोटोत दिसत नाही, पण पार्सल उघडताक्षणी येतो.

१९९१ च्या ‘रूल्स सायक्लोपीडिया’ या नियमांच्या पुस्तकाबद्दल मामाच्या फार अपेक्षा होत्या. हे पुस्तक आता मागणीनुसार छापूनही मिळतं. ज्याला फक्त खेळायचंय तो नवी प्रत घेतो, जुन्या प्रतीसाठी संग्राहकच उरतो आणि तो अवस्थेबाबत फार काटेकोर असतो. मामाची प्रत भरपूर वापरलेली. मी भाव मुद्दाम उतरवून लावला, आणि ती एका खेळणाऱ्यानंच घेतली.

फार झिजलेली मॉड्यूल मॅडिसनजवळच्या जुन्या खेळांच्या दुकानात एकगठ्ठा दिली. दुकानदार अर्थातच विक्रीच्या भावापेक्षा बराच कमी देतो, पण एकेक पार्सल बांधण्याची मेहनत वाचते. पुस्तकं अमेरिकेतल्या अमेरिकेत टपाल खात्याच्या ‘मीडिया मेल’ सेवेनं स्वस्तात जातात. बेसिक सेटचं खोकं मात्र मी नेहमीच्या टपालानं पाठवलं, कारण मीडिया मेलची सवलत पुस्तकांना आहे आणि टपाल खात्याला पार्सल उघडून बघता येतं. पुण्याहून एकानं तीन पुस्तकांसाठी विचारलं होतं. पोस्टेजच पुस्तकांच्या किमतीला भिडत होतं. त्याला मी अधिकृत पीडीएफ घ्यायला सुचवलं.

याच खेळाबद्दलच्या ‘ड्रॅगन’ मासिकाचे अंक अजून पडून आहेत. सुटे विकायला गेलं तर बहुतेकांचे पैसे फी आणि टपालातच जातील. म्हणून ते वर्षवार लावून, पोस्टर आणि आतले खेळ जागेवर आहेत का ते तपासून मी गठ्ठे करतोय. गाडी घेऊन जो येईल त्याला ते सगळे एकत्र द्यायचे, असं मामाचं आणि माझं ठरलंय.