नर्सिंगवरून डॉक्टर होता येतं का?

“ताई, बीएस्सी नर्सिंग झालं की एमबीबीएसला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात का?” विचारणाऱ्या बहुतेक जणी नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या असतात, नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, थोडक्यात राहिलेल्या. मी नर्सिंग करूनच एमबीबीएसला आले, म्हणून मला विचारतात.

नाही घेत. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तशी सोय आपल्याकडे एमबीबीएसला नाही. नर्सिंगची चार वर्षं झाली असली, तरी एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप पूर्णच करावी लागते. अमेरिकेत मेडिकल स्कूलला जायला आधी पदवी लागते आणि ती नर्सिंगचीही चालते. तिथले व्हिडिओ बघून इथल्या मुली आशेवर राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वाट एकच, नीट. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे विषय घेऊन पास असायला हवं. जास्तीत जास्त वयाची अट मात्र उरलेली नाही. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कमाल वयोमर्यादा काढल्याचं कळलं, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आयसीयूत स्टाफ नर्स. ती बातमी मी नाईट संपवून बसमध्ये वाचली आणि माझा स्टॉप मागे गेला.

त्या जुलैत नोकरी करत परीक्षा दिली आणि राहिले. मला वाटलं होतं, जीवशास्त्र तर आपलंच, ७२० पैकी ३६० गुण तिथेच. पण त्यात निम्मं वनस्पतिशास्त्र! हृदयाचे ठोके रोज मॉनिटरवर बघणारी मी, प्रकाशसंश्लेषणाच्या पायऱ्यांत अडकले. आणि भौतिकशास्त्र तर नर्सिंगला लागल्यापासून जवळजवळ सुटलंच होतं. शेवटी राजीनामा दिला, साठवलेल्या पगारावर आठ महिने काढले, अकरावीचं पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. मे २०२३ च्या परीक्षेत जमलं. घरी तोवर लग्नाचं चाललं होतं. आई एवढंच म्हणाली, “एकदाच काय ते कर आणि मोकळी हो.”

पण “कसं” याच्या आधी “कशासाठी” हे स्वतःला विचारा. माझं सांगते. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल वाढलेला, एक पेशंट होता. तासातासाला साखर बघायची, इन्सुलिनचा ड्रिप सांभाळायचा. पोटॅशियमचा रिपोर्ट नॉर्मल, तरी डॉक्टरांनी सलाईनमध्ये पोटॅशियम घालायला सांगितलं. का, ते घरी जाऊन वाचलं: इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं, त्यामुळे रक्तातलं झपाट्यानं उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. समजायला नर्सिंग पुरेसं होतं. पण ते किती द्यायचं, कधी थांबवायचं, हा निर्णय माझा नव्हता. तो घ्यायची आणि त्याची जबाबदारी उचलायची इच्छा त्या महिन्यापासून गेली नाही.

“डॉक्टरांना मान असतो, आम्हाला नाही,” एवढंच कारण असेल, तर थांबा. तो राग खरा आहे, मीही तो गिळलाय. पण त्या रागावर साडेपाच वर्षं निघत नाहीत. पेशंटजवळ राहूनच जास्त अधिकारानं काम करायचं असेल, तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तोही बघा. माझी एक मैत्रीण आयसीयूतच राहिली. तिच्याएवढं व्हेंटिलेटर कळणारे डॉक्टर मी थोडेच पाहिलेत.

आणि अजून बारावीत असाल, डॉक्टरच व्हायचं असेल, तर “आधी नर्सिंग, मग बघू” असं करू नका. ती चार वर्षं नर्सिंगला मनापासून द्यावी लागतात, पेशंटला अर्धी नर्स चालत नाही.

सध्या मी तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या बॅचमधली मुलं माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, तीही मला ताईच म्हणतात. वॉर्डात पोस्टिंग असलं की सलाईन संपत आल्याचं मला अजून सगळ्यांच्या आधी दिसतं. मी जाऊन सिस्टरना सांगते, आणि मग केस पेपर वाचायला बसते.