बायॉनचे वास, ऊर्तची चढण

रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाच्या गावाला निघाले तेव्हा पर्समध्ये वासांची एक यादी होती. यादी त्याचीच. 1975 साली त्याने स्वतःबद्दल एक पुस्तक लिहिलं, त्यात नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बायॉन गावच्या लहानपणाचे वास नोंदवलेत: चपलांच्या तळव्यांची दोरी, जुन्या लाकडावरचं मेण, हवा न खेळणारे जिने, स्पॅनिश तेल, नगर ग्रंथालयातली कागदाची धूळ, दुरुस्तीला आलेल्या पियानोंचा सरस, आणि कुठूनसं थोडं चॉकलेट. एम.ए.ला असताना बार्थ म्हणजे आमच्या लेखी ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध (अर्थ लेखक नाही, वाचक लावतो म्हणणारा) आणि परीक्षेतली एक टीप. नाकाने लिहिणारा हा बार्थ मला फार उशिरा भेटला, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त आवडला.

पॅरिसमध्ये भाचीकडे उतरले होते. तीही सोबत आली. निघताना म्हणालीच, “मावशी, लेखक मेला म्हणणारा हाच ना? मग त्याच्या थडग्यावर कशाला जायचं?” हा विनोद प्रत्येक जण करतो. तुम्हालाही ऐकावा लागेल, तयारी ठेवा.

पॅरिसमधलं बार्थचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. साँ-सुल्पीस चर्चच्या मागे र्‍यू सेर्व्हांदोनी ही अरुंद गल्ली आहे, तिथे तो आईसोबत राहायचा. तिथून कोलेज द फ्रांस या नामांकित शिक्षणसंस्थेपर्यंत रमतगमत वीसेक मिनिटं. जानेवारी 1977 मध्ये इथेच त्याने प्राध्यापक म्हणून पहिलं व्याख्यान दिलं. डॉक्टरेट नव्हती, ऐन उमेदीची वर्षं क्षयाने आरोग्यधामांत गेली होती. याच इमारतीसमोर, र्‍यू देझ एकोल ओलांडताना, 25 फेब्रुवारी 1980 ला त्याला लाँड्रीच्या व्हॅनने उडवलं. महिन्याभराने, 26 मार्चला, तो गेला. रस्ता साधाच आहे, रहदारीचा. आम्ही सिग्नलला थांबलो आणि ओलांडला.

बायॉनला मोंपार्नास स्टेशनवरून थेट गाडी आहे, साधारण चार तास लागतात. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. नैर्ऋत्य फ्रान्सवरच्या 1977 च्या लेखात बार्थ म्हणतो की आंगुलेम मागे पडलं की घराचा उंबरठा ओलांडल्यासारखं वाटतं: पाइनची राई, अंगणातलं एखादं ताडाचं झाड, ढगांची विशिष्ट उंची. मी खिडकीला नाक लावून बसले होते. पण 2017 पासून नव्या वेगवान मार्गाने बऱ्याच गाड्या आंगुलेम शहर टाळूनच जातात. उंबरठा कधी ओलांडला ते कळलंच नाही. तो हवाच असेल तर आंगुलेमला थांबणारी गाडी बघून घ्या.

बायॉनचं स्टेशन साँ-एस्प्री भागात, आदूर नदीच्या अलीकडे. स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेले ज्यू सतराव्या शतकात याच भागात राहिले आणि चॉकलेटची विद्या त्यांनीच इथे आणली. पूल ओलांडला की जुन्या गावाचा एक भाग, पेती बायॉन, पुढे नीव ही छोटी नदी, तिच्यापलीकडे दुसरा भाग, ग्राँ बायॉन. सगळं पायी होतं, टॅक्सीचा विचारही करू नका. जुलैमध्ये इथे पाच दिवसांची मोठी जत्रा भरते, सगळं गाव पांढरे कपडे आणि लाल रुमाल घालून रस्त्यावर असतं. जत्रा बघायची असेल तर जरूर जा. बार्थ शोधायचा असेल तर ते दिवस टाळा.

आता यादी. चॉकलेट सर्वांत सोपं: र्‍यू द्यु पोर-नफच्या कमानींखाली दुकानंच दुकानं. तिथलं फेस काढलेलं गरम चॉकलेट प्या. आपल्या बोर्नव्हिटाशी त्याचं काही नातं नाही. मेण कॅथेड्रलच्या बाकांना सापडलं. जिन्यांच्या दारांना आता कोड असतात, पण पेती बायॉनमध्ये एक दार कुणीतरी वीट लावून उघडं ठेवलं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहून श्वास घेतला: ओल, जुनं लाकूड, कुणाकडे तरी परतलेला कांदा. भाची लांब जाऊन उभी राहिली. पियानोचा सरस मिळाला नाही. अले पोल्मीवर बार्थच्या आजीचं घर होतं, तिथे त्याची आत्या अ‍ॅलिस पियानो शिकवायची. तटबंदीलगतच्या त्या रस्त्याने दोनदा फिरलो, पण कानावर आल्या त्या मोटारीच. दोरी मात्र मिळाली. तागाच्या तळव्याच्या कापडी चपलांचं दुकान होतं. दुकानदारीण आत गेल्यावर मी एक चप्पल नाकाला लावली. थेट वाण्याकडच्या गोणपाटाचा वास. लाजेकाजेस्तव जोड घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी ऊर्त, बार्थचं सुट्टीतलं घर आणि थडगं असलेलं गाव. बायॉनहून लोकल गाडीने जेमतेम पंधरा किलोमीटर, आदूरच्या काठाकाठाने. गाड्या मोजक्या आहेत, रविवारी तर विचारू नका. परतीची वेळ आधी लिहून ठेवा, मी ठेवली नव्हती. स्टेशन नदीशी, गाव वर टेकडीवर. चढण फार नाही, पण दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी आणि खायला बायॉनहूनच न्या.

इथलं घर बार्थने 1961 मध्ये घेतलं. सुट्ट्यांत तो आईला घेऊन इथे यायचा. घर खासगी आहे. रस्त्यावरून बघायचं आणि पुढे निघायचं, फाटकाशी रेंगाळू नये. पॅरिसमधली आणि इथली कामाची जागा सारखीच आहे, असं त्याने लिहिलंय. एकही वस्तू इकडून तिकडे न्यायची नाही, तरी कागद, लेखण्या, घड्याळ, रक्षापात्र यांची मांडणी तीच. 1965 मध्ये रेमाँ पिकार या सोर्बोन विद्यापीठातल्या प्राध्यापकाने बार्थच्या रासीन या नाटककारावरच्या पुस्तकावर तुटून पडत आख्खी पुस्तिका लिहिली. पुढच्या वर्षी बार्थने ‘समीक्षा आणि सत्य’ लिहून उत्तर दिलं. आमच्या वर्गात हे भांडण ‘नवी समीक्षा’ या मथळ्याखाली दोन ओळींत संपायचं. मला त्यात रस वाटायला लागला तो बार्थचं ते कामाचं टेबल डोळ्यांपुढे आल्यावर.

स्मशानभूमीत आई आणि मुलगा एकत्र आहेत. साधी फरशी. आई ऑक्टोबर 1977 मध्ये गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून तो कागदाचे चतकोर तुकडे करून त्यांवर शोकाच्या नोंदी करू लागला. मग फोटोंवरचं पुस्तक आलं. पाच वर्षांच्या आईचा एक फोटो त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे, आणि तोच त्याने छापला नाही; वाचणाऱ्याला त्यात काय दिसणार, असं त्याचं म्हणणं. मोबाइल काढला होता, तो परत ठेवला. भाचीने काही विचारलं नाही.

उतरताना पाऊस आला. या भागात तो कधीही येतो, छत्री हवीच. आभाळ भरलेलं असतानाही इथला प्रकाश करडा होत नाही असं बार्थ म्हणतो, ते खरं निघालं: समोरची नदी चांदीच्या वर्खासारखी दिसत होती. गाडी नुकतीच गेली होती. दीड तास फलाटावर बसलो. नव्या चपला पायात होत्या, तळवे भिजून जड झाले, आणि डब्यात शिरल्यावर ओल्या तागाचा असा वास सुटला की समोरच्या आजोबांनी खिडकी शोधली. ती उघडणारी नव्हती.

अशा चपला भिजल्या तर हीटरवर ठेवू नका, दोरी उसवते. सावलीत, उभ्या टेकवून, दोन दिवस.