आप्पांची मोटर आणि एकच किल्ली

"रातले मोटर आपेआप चालू व्हई जास रे भो, भूतबीत शे का काय?" मागच्या उन्हाळ्यात चोपड्याहून आप्पांचा फोन आला, मी आधी हसलो, मग गेलो.

केळीला पाणी रात्रीच्या लाईटवर, म्हणून विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलेला, आत सिम, एसएमएस टाकला की मोटर चालू. पेटी उघडली तर झाकणाच्या आतून मार्करने पासवर्ड लिहिलेला, १२३४. ज्या पोऱ्याने बसवला त्याने शिवारातल्या सगळ्याच पेट्यांना तोच ठेवलाय. झालं असं की, शिवारातलाच एक जण स्वतःच्या मोटरला मेसेज टाकताना नंबरातला एक आकडा चुकवत होता आणि आप्पांची मोटर पाणी उपसत होती. हॅकर नाही न काही नाही!

मोठ्या कंपन्यांचंही हेच रडगाणं आहे हो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे न डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) पकडले, जेमतेम साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा बस, आणि त्याच फौजेने २१ ऑक्टोबरला वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्स लोळवले. त्या यादीत ८८८८८८ पण होता. आप्पांच्या खळ्यातल्या डीव्हीआरचा पासवर्ड सांगू का?

रोबोंचं तर अजून भारी. युनिट्री कंपनीचे ते कुत्र्यासारखे चालणारे आणि माणसासारखे रोबो, रीलमध्ये नाचतात ते, सप्टेंबर २०२५ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की त्यांचं वायफाय ब्लूटूथवरून सेट करताना जी गुप्त किल्ली लागते ती सगळ्या रोबोंत एकच, एकाची सापडली की सगळ्यांची सापडली. मग वायफायच्या नावाच्या जागी कमांड घुसवायची, रोबो ती मालकाचा हुकूम समजून चालवतो, आणि एक बिघडला की ब्लूटूथच्या टप्प्यातल्या दुसऱ्यालाही बिघडवू शकतो. म्हणजे लाखोंचा रोबो, आणि अक्कल आमच्या पोऱ्याच्या मार्करएवढीच.

स्टार्टरचा पासवर्ड बदलला, मोटर फक्त आप्पांच्या आणि वहिनीच्या नंबरवरून चालू होईल असं पण केलं. डीव्हीआरचा मात्र आप्पा बदलू देत नाहीत, कारण तो बदलला की त्या पोऱ्याच्या मोबाईलवर आपले कॅमेरे दिसणार नाहीत, मग बंद पडले तर त्याला कळणार कसं?