डॉटकॉम काळातला महसूल कसा वाचायचा

१९९५ ते २००० या काळातली अमेरिकी इंटरनेट कंपनी समजून घ्यायची असेल, तर तिचं प्रसिद्धिपत्रक आणि तिचा एस-१ अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचा. शेअर बाजारात आणण्याआधी हा अर्ज तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे भरावा लागतो. त्या काळातले बरेचसे अर्ज एडगर या सरकारी संग्रहात आजही फुकट वाचता येतात.

पत्रकात ‘आघाडीची कंपनी’ असते. अर्जात दिशाभूल केली तर गुंतवणूकदार कोर्टात खेचू शकतात, म्हणून ‘जोखमीचे घटक’ या भागात सूर पार बदलतो. मे १९९७ मध्ये १८ डॉलरला शेअर विकताना ॲमेझॉनने लिहून दिलं होतं की नजीकच्या काळात मोठा तोटा होईल आणि तो वाढत जाईल. हा भाग आधी वाचावा.

‘हिट्स’चा आकडा दिसला तर सोडून द्या. सर्व्हरकडून मागवलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. पानावर १५ चित्रं असतील तर एकाच वाचकाचे १६ हिट्स होतात.

खरी मेख महसुलात असते. समजा, ग्राहकाने विमानाच्या तिकिटाचे २०० डॉलर दिले आणि त्यातले १८० विमान कंपनीला गेले. मधल्या साइटचा महसूल किती, २०० की २०? ढोबळ नफा दोन्हीकडे २०च. पण निव्वळ नफाच नसलेल्या कंपनीची किंमत लोक महसुलाच्या पटीत लावत होते. दहापट धरली तर एकीकडे २,००० आणि दुसरीकडे २००! विमानाची तिकिटं विकणारी प्राइसलाइन ही साइट पूर्ण रक्कम महसुलात धरायची; दर आम्ही ठरवतो आणि विक्रेते आम्हीच, हा तिचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता, म्हणूनच महसुलाबद्दलची टीप नीट वाचावी लागते. हिशेबपत्रकांच्या सुरुवातीच्या टिपांमध्ये ‘महसूल कधी आणि किती धरला’ हे सापडतं.

जाहिरातींची अदलाबदलही तिथेच कळते. दोन साइट एकमेकींना दहा लाख डॉलरच्या जाहिराती देतात, दोघीही दहा लाख महसूल आणि दहा लाख खर्च लिहितात, आणि रोख रक्कम एका डॉलरचीही हलत नाही. जानेवारी २००० मध्ये अमेरिकी हिशेबनियमांनी यावर अट घातली: मागच्या सहा महिन्यांत तशीच जाहिरात रोखीने विकलेली असली पाहिजे.

शेवटी रोख प्रवाहाचं पत्रक काढा. हातातली रोकड भागिले तिमाहीत जळणारी रोकड, म्हणजे उरलेल्या तिमाह्या. पाळीव प्राण्यांसाठीचा माल ऑनलाइन विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने फेब्रुवारी २००० मध्ये ११ डॉलरच्या भावाने शेअर विकून ८.२५ कोटी डॉलर उभे केले. माल खरेदीपेक्षाही कमी दरात विकला जात होता आणि जाहिरातींवरचा खर्च चालूच होता. नोव्हेंबर २००० मध्ये दुकान बंद करत असल्याची घोषणा झाली.