रेहेकुरीची हरणं बघायची तर हरभऱ्याच्या बांधावरून बघा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या रेहेकुरीला जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, आणि नुसतं अभयारण्य बघून माघारी फिरू नका. काळवीटांसाठी १९८० साली राखलेलं हे माळरान सगळं मिळून २.१७ चौरस किलोमीटर, त्यामुळे कळप आजूबाजूच्या रानात चरायला येणारच, आणि थंडीत तिथं ज्वारी-हरभरा हिरवागार उभा असतो.

आम्ही पुण्याहून भिगवण, राशीन, कर्जत असे गेलो, अंतर दीडशे किमीच्या आसपास. मुक्काम कर्जतलाच ठेवा म्हणजे उजाडायच्या आत पोचता येतं. शेतमालकाला आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवलं होतं, काका म्हणाले, "बसा की बांधावर, फक्त पिकात पाय घालू नका."

पहिल्यांदा माद्या आणि पिल्लं आली, जरा मागं एक काळाभोर नर, शिंगांना मस्त पीळ, आणि तो चरण्यापेक्षा इकडंतिकडं बघण्यातच जास्त वेळ घालवत होता. खाताना झाड उपटत नाहीत, कोवळे शेंडे तेवढे खुडायचे आणि पुढं सरकायचं. हरभऱ्याला जास्त फांद्या फुटाव्यात म्हणून शेतकरी स्वतःच शेंडे खुडतात, म्हणून मी हळूच म्हणालो काका फुकटात खुडणी होतेय तुमची, तर म्हणाले, "खुडणी एकदा करायची असती दादा, हे पाहुणे रोज येत्यात, फुलावर आल्यावर खाल्लं तर घाटे कुठनं लागायचे?" बरोबरच आहे त्यांचं. वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, पंचनामा होतो, पण बहुतेकांचा भरवसा रानाभोवती बांधलेल्या जुन्या साड्यांवरच दिसला. त्यामुळे कळप पिकात शिरला की आनंदानं ओरडू नका हो, मालक शेजारीच उभा असतो.

गाडीतून कळप दिसला तर खाली उतरू नका, काच खाली करून तिथूनच बघा, गाडी त्यांना चालते पण माणूस उतरला की एक मादी उंच उडी मारते आणि मागोमाग सगळा कळप पसार. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला बसा. ८x४२ ची दुर्बीण पुरते. स्वेटर मातकट रंगाचा घाला, आणि चांगले बूट घरी ठेवा कारण सकाळी हरभऱ्यावर आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, असते, बांधावरनं जाताना पण लागते. अंधारात चालणार असाल तर बॅटरी हवीच, बिनकठड्याच्या विहिरी आहेत त्या भागात, हरणंसुद्धा पडतात त्यात. फोटोसाठी कळपामागं गाडी पळवणं हा तर सरळ गुन्हा आहे, काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं.

उन्हं वर आली की कळप माळावर जाऊन बसतो, मग नाश्त्याला कर्जतला यायला हरकत नाही. भिगवणचे फ्लेमिंगो पण करायचे असतील तर दुसरी सकाळ काढा, दोन्हीकडे सकाळच्याच उजेडाचं काम आहे आणि धावपळीत दोन्ही हुकतं.