आपलाच गेम, तरी कुलूप

आज एका घरातल्या दोन भावांच्या पीएस५वर (सोनीचं गेम खेळायचं मशीन) गेम शेअरिंग लावून दिलं, म्हणजे थोरल्याने घेतलेले गेम धाकट्यालाही खेळता यावेत. नेट जाताच थोरल्याच्या स्वतःच्या विकत घेतलेल्या गेमवर कुलूप! हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहितोय.

डिजिटल गेमचा परवाना अकाउंटला मिळतो. ते अकाउंट एका वेळी एकाच पीएस५वर 'शेअरिंग'साठी चालू ठेवता येतं. सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, अदर, मग कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले. तिथे 'एनेबल' केलं की त्या मशीनवरचा प्रत्येक युजर तुमचे गेम खेळू शकतो, नेट नसतानाही. थोरल्याचं अकाउंट धाकट्याच्या मशीनवर एनेबल आहे, त्यामुळे थोरल्याच्या मशीनला परवाना दर वेळी नेटवरून तपासावा लागतो. नेट नाही, तर गेम नाही.

नेट असूनही कुलूप दिसलं, तर त्याच 'अदर'मध्ये 'रिस्टोअर लायसन्सेस' करा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

डिस्कला यातलं काही लागू नाही. डिस्क ज्याच्या मशीनमध्ये, तो खेळणार. मित्राला द्या, विका, कोणी अडवत नाही. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या गेम मशीनला २४ तासांतून एकदा नेट तपासणीची अट घालायचं जाहीर केलं होतं. ग्राहक इतके भडकले की जूनमध्येच ती मागे घ्यावी लागली. तेव्हाचा तो संताप मला अजूनही रास्त वाटतो. पैसे मोजलेला गेम नेटवाचून चालायलाच हवा.

आणि मशीन विकण्याआधी हे सेटिंग आठवणीने 'डिसेबल' करा. राहिलं, तर प्लेस्टेशनच्या वेबसाइटवरून अकाउंटला जोडलेली सगळी उपकरणं काढता येतात, पण सहा महिन्यांतून एकदाच.